कापड सोडून सगळं

आमच्या ह्यांची सगळी नोकरी डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंग बनवण्यात गेली. भिंतीचे नव्हेत, कापडाचे. संध्याकाळी घरी यायचे ते कानामागे कुठला ना कुठला रंग घेऊनच. कान पाहिला की आज कारखान्यात कुठलं पिंप भरलं ते मला कळायचं. त्यामुळे आमच्या घरात रंगावर बोलायचा अधिकार एकाच माणसाकडे होता. निवृत्तीनंतर कान स्वच्छ झाले, अधिकार काही उतरला नाही. साडीच्या दुकानात पदर चिमटीत धरून काउंटरवरच्या पोराला "हा डायरेक्ट, की रिअॅक्टिव्ह?" असं विचारणारा नवरा फार थोड्या बायकांच्या वाट्याला येतो.

तशी डोंबिवलीकराला रंगाची नवलाई राहिलेली नाही. २०१४ च्या जानेवारीत आमच्याकडे हिरवा पाऊस पडला. २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला एक रस्ता चक्क गुलाबी झाला. ज्या गावात पावसाला आणि डांबराला रंग चढतो, तिथे सुती रुमालाला चढायला काय हरकत आहे, असं माझं साधं गणित होतं. त्या जोरावर मी महिला मंडळाच्या सभेत उभी राहिले आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाचं वाण यंदा माझ्याकडून, असं जाहीर करून टाकलं. स्टीलची वाटी नाही, प्लॅस्टिकचा डबा नाही. रानातल्या फुलाफळांनी रंगवलेला रुमाल, आणि तो बांधायला रानातल्याच वाखाची दोरी. टाळ्या पडल्या. अध्यक्षबाईंनी वाजवल्या नाहीत, पण त्यांच्या हातात चहाचा कप होता असं मी धरून चालले.

घरी येऊन सांगितलं तर पेपरातून वर न बघता हे म्हणाले, "मॉर्डंट कुठला घेणार?"

"मी काही असलं घेणार नाही. सगळं नैसर्गिक आहे."

ह्यांनी पेपर खाली ठेवला. माझ्या बोलण्याने पेपर खाली ठेवला जाणं ही आमच्याकडची दुर्मीळ घटना. मग काही न बोलता त्यांनी तो पुन्हा उचलला. त्या गप्प बसण्याचा अर्थ मी 'निरुत्तर झाले' असा लावला.

एवढ्यावर मी थांबले नाही, वाचनही केलं. ह्यांचा देव म्हणजे पर्किन. १८५६ साली अठरा वर्षांचा हा लंडनचा पोरगा हिवतापावरचं क्विनीन बनवायला बसला, हाती आला काळा गाळ, आणि ते भांडं अल्कोहोलने साफ करताना त्याला जांभळा रंग सापडला. जगातला कृत्रिम रंगाचा सगळा धंदा त्या भांडी घासण्यातून उभा राहिला. मी गेली कित्येक वर्षं दोन्ही वेळची घासते आहे, मला कधी काही सापडलं नाही. पुढे १८६८ मध्ये जर्मनीत दोघांनी मंजिष्ठेच्या युरोपातल्या बहिणीच्या मुळात असतं ते लाल द्रव्य प्रयोगशाळेत तयार केलं, आणि आपल्याकडच्या आलाच्या मुळ्यांचे दिवस भरले. आल म्हणजे बारतोंडी. तिच्या मुळ्यांच्या सालीतून तो खारव्याचा लाल रंग यायचा. मग १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि निळीची पाळी आली. मुंबई इलाख्यातल्या रंगाऱ्यांवर फॉसेट नावाच्या आयसीएस साहेबाची १८९६ ची पुस्तिका आहे, म्हणजे साहेब बरोबर शेवटच्या घटकेला वही घेऊन पोचला. हे सगळं वाचून मला असं वाटायला लागलं की इतिहासाने रंगाऱ्यांवर केलेला अन्याय दूर करणं आता माझ्यावर, आणि फार तर आमच्या मंडळावर, येऊन पडलं आहे.

माझी एक मैत्रीण मुरबाड तालुक्यात शिक्षिका आहे. फाल्गुनात तिच्याकडे गेले. माळशेजच्या बाजूला त्या दिवसांत रान वाळून करडं झालेलं असतं, आणि त्यात पळस पेटलेला. वनखात्याच्या हद्दीत फूलही तोडायचं नाही, हे मैत्रिणीने आधीच बजावलं होतं, म्हणून तिच्या ओळखीच्या एका ठाकर आजींच्या बांधावर गेलो. पळसाखाली फुलांचा सडा होता. मी घरून आणलेली चादर पसरून फुलं गोळा करायला बसले. आजी जरा वेळ बघत राहिल्या, मग विचारलं, "बाय, शिमगा तर झाला. आता कुणाला भिजवतीस?"

त्यांना काय सांगणार? पळसाच्या पाण्यात चिमूटभर चुना टाकला की पिवळा चढून केशरी होतो, हे त्यांच्या नातवंडांनाही ठाऊक होतं. तो रंग दोन आंघोळींत जातो हेही ठाऊक होतं. म्हणून तर तो होळीला वापरतात. पण मी वहीत फक्त पहिला भाग लिहून घेतला.

आजींनी आणखी बरंच दाखवलं. धायटीची लाल फुलं, जी वैद्य आसवं आंबवायला वापरतात आणि जुने रंगारी रंगाला. शेंद्रीची फळं, तीन कप्प्यांची, वरून तांबडी भुकटी लागलेली. बोट लावलं की बोट शेंदरी होतं. हिरड्याची टोपली तर त्यांच्या ओटीवरच होती, व्यापाऱ्याला घालायची. हिरड्यात टॅनिन ठासून भरलेलं असतं. जीभ लावली तर तोंड असं आवळतं की पुढचा काही वेळ माणूस मोजकंच बोलतं. मैत्रिणीने हा हिरडा ह्यांच्यासाठीही थोडा घ्यायला सुचवलं.

दोरीची गोष्ट निघाली तेव्हा मात्र आजींनी मला खऱ्या अर्थाने लाजवलं. मुरुडशेंगेची, म्हणजे त्यांच्या भाषेत केवणीची, एक ओली फांदी त्यांनी घेतली, बुंध्याशी दातांनी साल धरली आणि खालपर्यंत ओढली. वरची खरखरीत पापुद्री गेली, आतली पांढरी सालपटं राहिली. ती मांडीवर दोन पदरांत वळली, मध्येच नवी सालपटं जोडली, आणि आम्ही चहा पिऊन होईपर्यंत लाकडाचा भारा बांधता येईल अशी दोरी तयार. मीही वळली. आजींची वळली की आवळत होती, माझी वळली की सुटत होती. त्यांनी माझी दोरी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाय, शेंगा टांगायला व्हईल." शेंगा कुठल्या ते विचारायचं मी टाळलं.

बिब्ब्याचं झाड दाखवताना त्यांनी मला हाताला धरून लांब उभं केलं. "हितनंच बघ." बिब्बा मला काही नवा नव्हता. त्याची गोडंबी मी बाळंतपणात लाडवातून खाल्ली आहे. आणि परिटाची खूण! पूर्वी परीट गरम सुई बिब्ब्यात खुपसून निघालेल्या तेलाने कपड्यावर खूण करायचा, वर चुना लावायचा. तो काळा ठिपका कापड फाटेपर्यंत राहायचा. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: प्रत्येक रुमालाच्या कोपऱ्यात बारीक 'चै'. चैत्राचा चै. आजी पाठमोऱ्या झाल्यावर मी खाली पडलेले बिब्बे पिशवीत टाकले. पिशवीत. हाताने.

घरी येऊन कामाला लागले. जुन्या रंगाऱ्यांची रीत अशी की आधी कापडाची खळ काढायची, मग ते हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवायचं, मग तुरटीच्या पाण्यात बुडवून पुन्हा वाळवायचं, आणि त्यानंतर कुठे रंग. कलमकारीवाले तर हिरड्यात म्हशीचं दूधही घालतात. एवढी वाळवणं म्हणजे कारागिरांना तेव्हा दुसरं काही काम नसणार, असा मी निष्कर्ष काढला. शिवाय सिलिंडरचा भाव. म्हणून रुमाल दुकानातून आणले तसे कोरे करकरीत, हिरडा, तुरटी आणि पळसाची फुलं, सगळं एकाच कढईत घालून उकळलं. कढई लोखंडी होती. घरात तेवढी मोठी तीच.

पळसाचं पाणी सुंदर सोनेरी झालं होतं. कढईत पडलं आणि बघता बघता काळवंडलं. आधी शेवाळी, मग राखाडी, मग शाई. मी ढवळत राहिले, ढवळून उजळेल म्हणून. हे पाणी प्यायला आत आले, कढईत डोकावले.

"काय टाकलंस?"

"हिरडा."

"लोखंडात?" म्हणाले, आणि पाण्याचा ग्लास घेऊन तसेच उभ्या उभ्या शिकवायला लागले. टॅनिन आणि लोखंड भेटले की काळं होतं. जुन्या दौतीतली शाई याच मेळाची. रंगारी मुद्दाम काळा हवा असला तर हिराकस घालतात. "तू हिराकस न घालता कढईच घातलीस. शिक्षणाच्या दृष्टीने चांगलं आहे."

बाहेर काढून धुतल्यावर मात्र रुमालांवर त्या शाईतलंही फारसं काही राहिलं नाही. खळीने सगळं बाहेरच थोपवलं होतं. काही रुमाल करडे, काही फटफटीत, एकदोघांवर कढईच्या तळाचे गोल. दुसऱ्या खेपेला स्टीलचं पातेलं घेतलं, नुसता पळस घातला, तर रुमाल पाणी घालून वाढवलेल्या वरणाच्या रंगाचे झाले. तिसऱ्या पातेल्यात शेंद्रीची भुकटी टाकली. ती पाण्यात विरघळायलाच तयार नाही. वर तरंगत राहिली, आणि ओतताना पातेल्याच्या काठाला, चमच्याला, ओट्याच्या सांध्यात आणि माझ्या गाऊनच्या बाहीला बसली. शेंद्रीला सोड्याचं पाणी लागतं, आणि तिचं खरं सख्य रेशमाशी, ही माहिती ह्यांनी ओटा पुसून झाल्यावर दिली.

एक गोष्ट मला कळेना. रुमालांवर चढत नव्हता तो रंग माझ्यावर कसा चढला होता? तळहात तांबूस, नखं काळी, कोपरापर्यंत पिवळे ओघळ. कितीही घासलं तरी हलेना. ह्यांनी माझा हात हातात घेतला. (लग्नानंतर इतका वेळ प्रथमच असावा.) नख प्रकाशात धरून पाहिलं आणि म्हणाले, "उत्तम. हे बघ, लोकर, रेशीम, केस, नखं, कातडं, ही सगळी प्रथिनं. रंगाला ती धरता येतात. सूत म्हणजे सेल्युलोज. त्याला रंग धरायला मध्ये कुणीतरी लागतो, तोच मॉर्डंट. टॅनिन सुताला चिकटतं, तुरटीतलं ॲल्युमिनियम टॅनिनला, आणि रंग ॲल्युमिनियमला. म्हणून ती वाळवणं. तू मधली सगळी माणसं वगळलीस. तू स्वतः फार छान रंगली आहेस."

समोरच्या घरातलं पांढरं पॉमेरेनियन त्याच दिवशी आमच्या गॅलरीत सांडलेल्या पळसाच्या पाण्यात लोळून गेलं. तेही प्रथिनंच. त्यांच्याकडे पुढे पंधरवडाभर केशरी कुत्रं होतं आणि आमच्याकडे पांढरे रुमाल.

हळदीकुंकू जवळ आलं तसा माझा शुद्धतेचा आग्रह जरा सैल झाला. पांढऱ्या राहिलेल्या रुमालांना मी हळदीच्या पाण्यात बुडवलं. हळद ही अशा थोड्यांपैकी एक की जी कोणाच्याही मध्यस्थीशिवाय सुतावर बसते. झगझगीत पिवळे रुमाल दोरीवर वाळत घातले तेव्हा हे नुसते हसले. मी कारण विचारलं नाही. आयुष्यात काही प्रश्न न विचारलेले बरे असतात, पण तो त्यातला नव्हता, हे पुढे कळलं.

आता राहिली दोरी. केवणी डोंबिवलीत कुठून आणणार? पण घायपात होता. कल्याणच्या रस्त्याला एका ओसाड प्लॉटच्या कुंपणाला लावलेला, तलवारीएवढ्या पानांचा. मूळचा तो मेक्सिकोचा, पण आपल्याकडे बांधाबांधावर इतका रुजला आहे की आता त्याला परका कोण म्हणणार? त्याची पानं ठेचून पाण्यात कुजवली की गर सडून जातो आणि आतला पांढरा लांब वाख मोकळा होतो. कुजवण्याचं काम जिवाणू करतात, त्यांना नुसती उसंत द्यायची. मी गॅलरीतल्या पिंपात पानं दाबली, वर पाटा ठेवला आणि उसंत दिली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी जिन्यात माणसं थांबून नाकं वर करायला लागली. दुसऱ्या कुठल्या गावात कुणी 'काय मेलंय' म्हणालं असतं. डोंबिवलीत सगळ्यांनी एमआयडीसीकडे पाहिलं. सोसायटीच्या ग्रुपवर "गॅस सोडलाय", "खिडक्या लावून घ्या" असे निरोप फिरले. सेक्रेटरींनी तातडीची सभा बोलावली आणि तज्ज्ञ म्हणून अर्थातच आमच्या ह्यांना पाचारण केलं. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. हे उभे राहिले, एक दीर्घ श्वास घेतला, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ब्युटिरिक आम्ल दिसतंय. कारखान्याचं वाटत नाही. वारा बदलला की जाईल." घरी आल्यावर आम्ही दोघांनी मिळून मध्यरात्री ते पिंप खाली नेलं आणि पानं प्लॉटच्या कोपऱ्यात पुरली. संसारात ह्यांनी मला इतकी साथ कधी दिली नव्हती. वाख निघाला तो मूठभर, तोही वाजवीपेक्षा जास्त कुजून तुटणारा. रुमाल शेवटी दुकानातल्या सुतळीने बांधले. सुतळीही तागाची असते, वनस्पतीच ती. तत्त्व सुटलं असं मी म्हणणार नाही.

आणि 'चै'. बिब्बे दाभणाने टोचून, काडीने प्रत्येक कोपऱ्यात चै काढला, वर चुना. बारीक, काळाभोर, देखणा. सगळ्या खटाटोपातली तेवढी एक गोष्ट मनासारखी झाली. बिब्बा लगेच काही करत नाही, ही त्याची खोड. एखादा दिवस जाऊ देतो. माझा उतला तो नेमका हळदीकुंकवाच्या सकाळी. पापण्या इतक्या सुजल्या की मला दारातली रांगोळी दिसेना, बोटांवर फोड, गाल टम्म. खोबरेल तेल चोपडून दार उघडलं.

आलेल्या बायकांनी माझे काळवंडलेले हात पाहिले, सुजलेले डोळे पाहिले, आणि मग एकजात आतल्या खोलीत क्रिकेट बघत बसलेल्या ह्यांच्याकडे पाहिलं. दोघीतिघींनी माझा हात दाबून "आम्ही आहोत हं" असं सांगितलं. मी बिब्ब्याचं सांगायला गेले तर एक म्हणाली, "काही सांगू नका. मला कळतंय सगळं." ह्यांना त्या दिवशी आंब्याची डाळ कुणी वाढली नाही.

चैत्रातला उकाडा, वीज नेमकी गेलेली, पन्हं पिऊन सगळ्यांना घाम फुटलेला. आणि हातात नवेकोरे रुमाल. पुढचं माझ्या डोळ्यांना फटीतून दिसलं तेवढं सांगते. हळदीचा रुमाल मिळालेल्या बायका पिवळ्या झाल्या, त्याचं कुणाला काही वाटलं नाही, निमित्तच हळदीकुंकवाचं होतं. कढईतला करडा रुमाल मिळालेल्या तिघींना मात्र ओठांवर फिकट मिशा आल्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं, पण आपल्यालाही असेल असं एकीच्याही मनात आलं नाही.

फोन दुसऱ्या दिवसापासून सुरू झाले. रुमाल साबणाने धुवायला घेतला आणि बादलीत लालभडक झाला, म्हणून एकीने किंचाळून फोन केला. दुसरीच्या सासूबाईंनी तो प्रकार देवीचा कौल धरून रुमाल देव्हाऱ्यात ठेवला. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. हळदीत चुना घालूनच तर घरोघरी कुंकू करत, साबणही क्षारच. हे मला तेव्हा ह्यांनी सांगितलं. "दोरीवर वाळत घातले तेव्हाच सांगायचं होतं," मी म्हटलं. म्हणाले, "मला वाटलं तू मुद्दाम केलंयस. एकात दोन. हळद आणि कुंकू."

पुढच्या धुण्यांत लालही गेला, पिवळाही, मिशांचा करडाही. कुणाच्या उशीच्या अभ्र्यावर राहिला, कुणाच्या पर्सच्या अस्तरावर, एकीच्या नातवाच्या गणवेशावर. रुमाल आता सगळ्यांकडे शुभ्र आहेत आणि कोपऱ्यात चै तेवढा शाबूत आहे. ह्यांनी एक मागून घेतला, त्या अक्षरावर ब्लीच टाकलं, सोडा टाकला, उन्हात ठेवला, भिंगातून पाहिलं. जन्मभर रंगात राहिलेला माणूस, पण चेहऱ्यावर असा आदर मी पर्किनखेरीज कुणासाठी पाहिला नव्हता. "याची धुलाई कसोटी पाचपैकी पाच," म्हणाले.

तो आदर टिकला असता, पण अध्यक्षबाईंना नाक पुसायची सवय आहे. बिब्ब्याची खूण वाळली तरी ज्याला सोसत नाही त्याला चावते. दुसऱ्या महायुद्धात परिटाच्या खुणेने गोऱ्या सोजिरांच्या मानेवर चट्टे उठायचे, तेही डॉक्टरांनी नोंदवून ठेवलं आहे. अध्यक्षबाईंच्या नाकाचा शेंडा आठवडाभर पळसासारखा पेटलेला होता. आता बरा आहे. पुढच्या चैत्राचं वाण त्यांनी एकमताने ठरवून घेतलं आहे, स्टीलची वाटी, आणि ती रंगवणार नाही असं माझ्याकडून लेखी मागितलं आहे. ते मी अजून दिलेलं नाही.